धोंड्याचं जेवण आणि डायनामो

दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण फोन काही बंद होत नाही. परवा सकाळी दात घासत होतो, तेवढ्यात उमापूरकडच्या एका पोराचा फोन आला. ओळख ना पाळख, रामराम नाही, एकदम सुरुवात.

"काका, गाडीचा डायनामो काढलाय. आता बसवायचा कसा?"

मी तोंडातली पेस्ट थुंकली. "कावून काढला बे?"

"बॅटरीचा लाल दिवा लागत होता. व्हिडिओत बघून काढला."

"मग व्हिडिओत बघूनच बसव की."

"नेट गेलंय काका."

दोन बोल्ट त्याच्या खिशात होते, एक इंजिनात कुठंतरी पडला होता, पट्टा उन्हात पडला होता आणि त्याच गाडीतून तासाभरात आईला दवाखान्यात न्यायचं होतं. त्याला मी शेजाऱ्याची गाडी मागून घ्यायला सांगितली आणि फोन ठेवला. चहा घेईपर्यंत माझ्या कपाळाची शीर उडत होती. बायको म्हणाली, "नंबर बदला एकदाचा." तिचं बरोबर आहे. पण छत्तीस वर्षं हा नंबर दुकानाच्या पाटीवर होता, तो बदलायला हात धजत नाही.

माजलगावच्या बायपासला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. इंजिन, गिअर, ब्रेक हे मेकॅनिकचं. गाडीतली वायर, दिवा, हॉर्न, सेल्फ आणि डायनामो हे माझं. छत्तीस वर्षं हे सांगूनही लोकांना ते कळलं नाही. अर्धे लोक मला वायरमन समजायचे. लाइट गेली की शेतकरी दुकानात यायचा आणि म्हणायचा, "डीपीवर जरा चढता का?" मी म्हणायचो, मी गाडीचा आहे, खांबाचा नाही. तो नाराज होऊन जायचा. मी मुद्दाम येत नाही असं त्याला वाटायचं.

ज्यांनी कधी बॉनेट उचललेलं नाही, त्यांच्यासाठी चार ओळी. गाडीतली बॅटरी म्हणजे घरातला पाण्याचा रांजण समजा. सेल्फ मारला की त्यातलं तांब्याभर पाणी जातं. तो रांजण पुन्हा भरतो कोण? डायनामो. इंजिनावरून एक रबरी पट्टा फिरतो, तो डायनामोला फिरवतो, त्यातून वीज होते, गाडी तिच्यावर चालते आणि उरलेली वीज बॅटरीत जाते. डायनामो मेला की गाडी रांजणातलं पाणी पीत राहते. वीस-पंचवीस किलोमीटर जाते, मग दिवे पिवळे पडतात, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो आणि गाडी उभी राहते. हल्ली त्याला अल्टरनेटर म्हणतात, आणि ते यंत्रही जुन्या डायनामोपेक्षा वेगळं आहे. पण आमच्याकडे तो डायनामोच. मीही तेच म्हणणार.

तर हा डायनामो मरतो कशाने? माझ्या अनुभवानुसार दहातले तीन स्वतःहून मरतात, बाकीच्यांना मालक मारतो.

धरणाच्या बाजूचा एक बागायतदार होता. लोडशेडिंगच्या दिवसांत संध्याकाळी लाइट गेली की हा जीपमधली बॅटरी काढायचा, घरात न्यायचा आणि त्यावर टीव्ही लावायचा. सकाळी बॅटरी परत जीपमध्ये. एकदा घाईत लाल वायर काळीच्या जागी लावली. डायनामोतले डायोड जागच्या जागी जळले. मी डायोडची नवीन प्लेट टाकून दिली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मी त्याच्या बॅटरीच्या प्लस टोकावर ठसठशीत लाल रंग लावला, म्हटलं आता तरी चुकणार नाही. चार महिन्यांनी आला, पुन्हा जळालेला डायनामो घेऊन. मी विचारलं, "अहो, लाल रंग लावला होता ना?" तर म्हणाला, "ती बॅटरी घरीच ठेवली टीव्हीला. गाडीला नवी आणली." मी दुकानातल्या स्टुलावर बसून घेतलं.

आणि खंडेनवमी! वर्षभर गाडीकडे ढुंकून बघायचं नाही, आणि त्या दिवशी तिला देव करायचं. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप सोडून बॉनेट उघडून इंजिनाला आंघोळ घालायची. पाणी थेट डायनामोत. त्यावर हळद, कुंकू, फूल, नारळ. दसऱ्याला सकाळी माझ्या दुकानापुढं गाड्यांची रांग. मी डायनामो उघडायचो तर आत कार्बनवर कुंकवाचा चिखल. मालक वर हात जोडून उभा, आणि मला म्हणायचा, "पूजा करूनबी बंद पडली बघा."

सांगितलेलं ऐकणारं गिऱ्हाईक छत्तीस वर्षांत मला एकच भेटलं, एक मेंढपाळ. त्याच्या पिकअपच्या डायनामोत लोकर गुंतायची, कारण नवी कोकरं तो पुढं, केबिनमध्ये पायाशी ठेवायचा आणि त्या गाडीचा खालचा पत्रा सगळा कुजलेला होता. मी म्हटलं, दर आठ दिवसांनी हवा मारून घे. त्याने घेतली. पुढं कधी तो माझ्या दुकानात आला नाही. चांगल्या गिऱ्हाइकाचं हे असं असतं.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, असले चार मजेचे किस्से लिहा. आणखी पन्नास लिहू शकतो. पण मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. माजलगावात, उमापुरात आणि आष्टीत आमच्या नात्यातल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ आहे. ती लग्नात सांगतात, बारशात सांगतात. मागं एका दहाव्यालाही घाटावर ती निघाली आणि लोक तोंडावर टॉवेल धरून हसले. गोष्ट अशी: इलेक्ट्रिशियनचा जावई धोंड्याच्या जेवणाला आला, शहाणपणा करून स्वतः डायनामो बसवला आणि सासऱ्याच्या अंगणात गाडी जाळून एसटीने परत गेला. माझा जावई, प्रशांत. त्या गोष्टीत त्याच्या नावाचं पार मातेरं झालंय. म्हणून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी घडली तशी सांगतो.

दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जादा येतो. त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं. पुरण भरून धोंडे करायचे, वर तूप. जावयाचे पाय धुवायचे, कपडे करायचे. त्या दिवशी जावई म्हणजे नारायण. त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही, आणि तो जे म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही. हे दोन्ही नियम एकत्र पाळायची वेळ आली तर काय करायचं, हे मात्र आमच्या वाडवडिलांनी कुठं सांगून ठेवलेलं नाही.

प्रशांत आष्टीला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. घरची शेती आहे, माणसं तालेवार. सोयरीक ठरली तेव्हा त्यांच्या एका चुलत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मुलीचे वडील म्हणजे पान्याचं काम करतात का?" मी हसून हो म्हटलं. पण ते मनात राहिलं. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, आणि जावई वीज शिकवणारा. त्याने एकदा माझा हात चालताना बघावा आणि म्हणावं, मामा, तुमचं काम म्हणजे काम. बस, एवढंच हवं होतं. सहा वर्षांत तो योग आला नव्हता.

तो गेल्या धोंड्याच्या महिन्यातल्या एका रविवारी आला. अर्चना, म्हणजे माझी मुलगी, आणि प्रशांत आष्टीहून सकाळी निघाले. बीड बरंच मागं पडल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. गाडी कशीबशी माझ्या अंगणापर्यंत आली आणि फाटकात मेली. मी मीटर लावला, कान लावला, पट्ट्यावर बोट फिरवलं. डायनामो गेला होता, आणि दुरुस्त करण्यासारखा राहिला नव्हता. रविवार असूनही ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्याने शटर अर्धं वर करून नवा दिला. अकराच्या आत डायनामो घरात. दुसऱ्या दिवशी प्रशांतला कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायची होती, तेव्हा संध्याकाळच्या आत आष्टी गाठणं भाग होतं.

चाळीस मिनिटांचं काम. माझ्या मनात आलं, हाच तो योग.

पाय धुऊन झाले, टिळा झाला, नवा शर्ट झाला. प्रशांतने नवा शर्ट घातला, सगळ्यांना नमस्कार केला, आत गेला आणि जुना टी-शर्ट घालून बाहेर आला.

"मामा, डायनामो मी बसवतो. तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही फक्त बसा."

नाही म्हणता येईना. त्या दिवशी तो नारायण.

आतून सुमन, माझी बायको, दाराआड उभी राहून मला खुणा करायला लागली. मी जवळ गेलो.

"अहो, पाहुण्याला गाडीखाली घालता काय? लोक काय म्हणतील? धोंड्याला बोलावून जावयाकडून काम करून घेतलं म्हणतील!"

"मग तू जाऊन नाही म्हण."

"मी कशी म्हणू? जावई हायेत ते."

"मग मी कसा म्हणू?"

असं म्हणून मी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. तिथून पुढचे साडेतीन तास मी आयुष्यात विसरणार नाही.

प्रशांतने आधी वहीच्या पानावर इंजिनाचं चित्र काढलं. ते पान स्टीलच्या ताटात ठेवलं. काढलेला प्रत्येक बोल्ट चित्रात जिथला तिथं ठेवायचा. प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी फोटो, काढल्यावर फोटो. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हे बरोबर होतं. मी जरा हिरमुसलो, कारण तिथं चुकला असता तर मला उठायला कारण मिळालं असतं.

मग व्हिडिओ. आमच्या अंगणात नेट येत नाही, गच्चीवर येतं. तो जिना चढून वर जायचा, एक मिनिट व्हिडिओ बघायचा, खाली यायचा, एक नट सैल करायचा आणि परत वर. मी मोजलं, अकरा वेळा. व्हिडिओतल्या माणसाची गाडी वेगळी, इंजिनाचं तोंड दुसऱ्या बाजूला. त्यामुळं खाली आल्यावर डाव्याचं उजवं करून बघायचं. पट्ट्याच्या ताणाचा बोल्ट कुठं आहे ते मला खुर्चीतून दिसत होतं. तो त्याच्या मनगटाला घासत होता, आणि हा त्याला सोडून दुसरीकडंच टॉर्च मारत होता. मी खोकलो. पुन्हा खोकलो. त्याने मान वर केली.

"मामा, पाणी आणायला सांगू का?"

"नको," मी म्हटलं.

एवढ्यात आबा आला. आबा म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, उमापूरचा माजी सरपंच. त्याला गप्प बसायची सवय नाही, आणि त्याचं बोलणं शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.

"ओ दाजी! जावयाला कामाला लावलं व्हय? आमी तर जावयाला पाटावरून उठू देत न्हाई!"

"ते स्वतःहून करतायत."

"स्वतःहून? मग तुमी छत्तीस वर्सं काय गोट्या खेळत व्हता?"

शेजारचे दोघे-तिघे फाटकाशी जमले. एकाने दुसऱ्याला विचारलं, "कावून बे, मालक धंदा विसरला का काय?" दोघेही हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सुमनने पन्हं पाठवलं, तेही ट्रेमध्ये, जणू आत लग्नाची बोलणी चाललीत.

अर्चना पायरीवर येऊन बसली. माझं तोंड बघून हळूच म्हणाली, "पप्पा, असे बसू नका ना. त्यांना आवडतं हे. घरी पंखा बंद पडला तर खुशीत येतात. हात काळे झाल्याशिवाय त्यांना सुट्टी सुट्टी वाटत नाही."

मी मान हलवली, पण माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. मला वाटत होतं, याला माझ्या हातावर भरवसा नाही. नववीतून शाळा सोडलेल्या सासऱ्यापेक्षा त्याला गच्चीवरचा व्हिडिओ बरा वाटतो. त्या साडेतीन तासांत त्या पोराच्या चेहऱ्याकडे मी एकदाही नीट बघितलं नाही. तो आनंदात होता, हे आता आठवल्यावर कळतं.

दोन वाजता नवा डायनामो जागेवर बसला. प्रशांतने सगळे बोल्ट ताटातून उचलून जिथले तिथं लावले. एकही उरला नाही. पट्टा चढवला आणि तो माझ्याकडे वळला.

"मामा, पट्टा किती ताणायचा? व्हिडिओत नुसतं बरोबर ताणा म्हणतोय. बरोबर म्हणजे किती, ते तुम्हीच सांगा."

देवाशपथ सांगतो, मी खुर्चीतून गुडघे विसरून उठलो. अंगठा कुठं दाबायचा, पट्टा किती दबला पाहिजे, जास्त ताणला तर बेअरिंग कसं जातं, सैल राहिला तर सकाळी कसा किंचाळतो, सगळं सांगितलं. पाव तास बोलत होतो. त्याने मला अंगठ्याने दाबून दाखवायला लावलं, मग स्वतः दाबलं, मग मी सांगितलं तेवढा ताणला. मी प्रत्येक नट पान्याने तपासला. सगळे पक्के. डायनामो अगदी चोख बसला होता. माझ्या दुकानातही यापेक्षा चांगला बसला नसता, हे मी त्या क्षणीच मनात कबूल केलं. तोंडानं केलं नाही.

सुमनने जेवायला हाक मारली. आबा आणि शेजारी हात धुवायला आत गेले, अर्चना ताटं घ्यायला गेली. अंगणात आम्ही दोघेच. प्रशांत ड्रायव्हरच्या जागी बसला. घरातल्या जुन्या चार्जरवर बॅटरीत जेमतेम जीव आला होता, तरी गाडी एका सेल्फात चालू झाली. लाल दिवा विझला. आवाज असा स्वच्छ की ऐकत राहावं.

त्याने खिडकीतून विचारलं, "मामा, चार्जिंग बघायचं का? मीटर आणू आतून?"

मीटर दारामागच्या खिळ्याला टांगलेला होता. दहा पावलांवर.

इथं एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. जुन्या काळी, जीप आणि ट्रॅक्टरच्या काळात, डायनामो तपासायची आमची एक युक्ती होती. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची वायर सरळ काढून घ्यायची. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, कारण बॅटरीशिवायही तो गाडी पोसतोय. बघणाऱ्याला जादू वाटायची. मी ती हजारदा केली असेल. पण नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो. चालू गाडीची बॅटरी काढली की डायनामोचा दाब एकदम उसळतो, आणि त्याला झेलायला बॅटरी नसते. तो जातो सरळ कॉम्प्युटरवर. मला हे माहीत होतं. चांगलं माहीत होतं. याच चुकीसाठी मी स्वतः दोन मेकॅनिकांना भर रस्त्यात शिव्या घातल्या होत्या, एकाच्या तर हातातला पाना काढून फेकला होता.

तरी मी म्हटलं, "मीटर कशाला? छत्तीस वर्षं मीटरशिवाय बघतोय."

पट्ट्याच्या त्या एका प्रश्नानं छाती फुगली होती. मला त्याला जादू दाखवायची होती. हातात दहाचा पाना होताच. हात आपोआप गेला, नट सैल झाला, आणि मी चालू गाडीची निगेटिव्ह वायर उचलली.

"मामा, नको..." गाडीतून प्रशांतचं ओरडणं आलं, पण उशिरा.

इंजिन एकदा घसा फाडून वर गेलं, खट् असा आवाज झाला आणि सगळं शांत. डॅशबोर्ड काळा. जळक्या प्लॅस्टिकचा वास. मी वायर हातात धरून उभा.

प्रशांत उतरून पुढं आला. बॉनेट उघडं असल्यामुळं घरातून आम्ही कोणाला दिसत नव्हतो. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. भौतिकशास्त्राच्या मास्तरला काय झालं ते सांगायची गरज नव्हती. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं. तो एवढंच म्हणाला, "मामा, द्या ती इकडं." माझ्या हातातून वायर घेतली, बॅटरीवर बसवली, पानाही माझ्याकडून घेतला आणि नट कसला.

तोवर वास घरात पोहोचला होता. आबा ओल्या हातांनी बाहेर आला, मागून सुमन, अर्चना, शेजारी.

"काय झालं वो?"

"माझंच चुकलं," प्रशांत म्हणाला. "कनेक्शन उलटं झालं माझ्याकडून."

आबाने टाळीच वाजवली. "घ्या! धोंडे खायच्या आदीच गाडी खाल्ली जावईबापूंनी!"

सगळे हसले. सुमनने माझ्याकडे असं बघितलं, की बघा, म्हटलं नव्हतं? अर्चना नवऱ्याला म्हणाली, "पप्पा बसलेले असताना तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं वाक्य होतं, जिभेवर आलेलं होतं. पण समोर आबा होता, शेजारी होते, आणि आष्टीचे ते चुलते समोर नसतानाही मला दिसत होते. छत्तीस वर्षांचा कारागीर, आणि शिकाऊ माणसाची चूक केली, तीही जावयाच्या गाडीवर. मी गप्प बसलो. जेवताना त्याच्या ताटात मी स्वतःच्या हाताने धोंडे वाढले, तूप ओतलं. आबा बोलत होता आणि तो हसून खात होता.

दुपारच्या एसटीने ते दोघे गेले. गाडी दुसऱ्या दिवशी टो करून नेली. कॉम्प्युटर जळाला होता, आणि नवा डायनामोही. दीड महिना गाडी उभी होती.

गोष्ट मात्र उभी राहिली नाही. आबाने ती आठवड्याभरात उमापुरात पोचवली. आष्टीला चुलत्यांनी ऐकली, ते म्हणाले म्हणे, "सासरा पान्याचा आणि जावई काडीचा." कॉलेजातले मास्तरही त्याला विचारायचे, सर, आज कोणाची गाडी जाळायची? मी दर वेळी ऐकत होतो, दर वेळी खाली बघत होतो.

सहा महिन्यांनी मी त्याला फोन केला. धीर करून म्हटलं, "जावईबापू, त्या दिवशीचं मी सगळ्यांना सांगून टाकतो."

"जाऊ द्या मामा," तो म्हणाला. "माझी चूक झाली तर लोक हसतात आणि विसरतात. मी मास्तर आहे. तुमची झाली असती तर तुमची छत्तीस वर्षं काढली असती त्यांनी."

लोक विसरले नाहीत, हे त्याला मी सांगितलं नाही. त्याचं ऐकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

मग मागच्या दिवाळीत अर्चना चार दिवस माहेरी आली होती. भांडी आवरताना सहज म्हणाली, "पप्पा, आता आमच्याकडे ट्यूब बदलायलाही माणूस बोलावतात ते. स्वतः हात लावत नाहीत. मी म्हटलं बरं झालं, उगाच शहाणपणा नको." आणि हसली. म्हणजे त्याने तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बायकोला! ती त्याच्यावर हसत होती, माझ्यासमोर, माझ्या घरात. मी धुतलेलंच ताट परत धुवायला घेतलं. ती म्हणाली, पप्पा, ते धुऊन झालंय.

मी लोकांवर आयुष्यभर चिडत आलोय. टीव्हीसाठी बॅटरी नेणाऱ्यावर, पाइपाने डायनामो धुणाऱ्यावर, गच्चीवर व्हिडिओ बघणाऱ्यावर. त्या सगळ्यांना अज्ञानाची सबब होती. मला कसली होती? मला माहीत होतं आणि तरी मी केलं. वर जो माणूस खुशीनं हात काळे करायचा, त्याचे हात मी बांधून ठेवले, जवळजवळ तीन वर्षं.

येत्या उन्हाळ्यात पुन्हा धोंड्याचा महिना आहे. लेक-जावई येतील. आबाही येईल, आणि पाटावर बसल्या बसल्या तीच गोष्ट काढेल. तेव्हा बोलायचं मी अनेकदा ठरवलं, पण मला माझा घसा माहीत आहे. म्हणून छापून ठेवतोय. आबा, हे तू मोठ्यानं वाच, तुझा आवाज सगळीकडे पोचतो. अर्चना, तू दोनदा वाच. आष्टीच्या चुलत्यांना मी अंक पोस्टानं पाठवतोय.

चालू गाडीची वायर मी काढली. जावयाने बसवलेला डायनामो बरोबर होता.

आणि प्रशांतराव, गेल्या वर्षी हौसेनं घेतलेल्या आमच्या जुन्या जीपचा डायनामो गेले महिनाभर कुरकुरतोय. नवा आणून कपाटात ठेवलाय. मी त्याला पाना लावलेला नाही. या वेळी तो तुम्हीच बसवा, आणि सगळे अंगणात असतानाच बसवा. मीटर आणायला मी जाईन.